सात नंबरच्या पोटातलं मशीन

१

सात नंबरच्या घड्याळाचं मागचं झाकण उघडलं आणि भिंगताईचा चिमटा हवेतच थांबला. आत मशीन होतं, नाही असं नाही. चाकं होती, खडे होते, चक्र कसंबसं हेलकावे घेत होतं. पण पेचांच्या खाचा ओरबाडलेल्या होत्या, तेल ओघळून पट्टीवर पसरलं होतं आणि केसासारखी बारीक हेअरस्प्रिंग एका अंगाला कलली होती. परवा याच घड्याळाचे ठोके तिने स्वतः चाल मोजायच्या यंत्रावर ऐकले होते. असल्या मशीनमधून तसले ठोके बापजन्मात निघाले नसते.

भिंगताईचं काम जगावेगळं होतं. बाजारात पकडलेली नकली घड्याळं सरकारी कार्यशाळेत यायची आणि ही नक्कल किती कसबाने केली आहे, सुटे भाग कुठल्या प्रतीचे आहेत, गिऱ्हाईक कितपत फसलं असतं, हे ती ठरवायची. नक्कल जितकी सरस, तितका व्यापाऱ्याचा गुन्हा मोठा. डोळ्याला भिंग लावून ती दिवस काढी, म्हणून साहेबांपासून शिपायापर्यंत सगळे तिला भिंगताईच म्हणत.

या खेपेला एकाच व्यापाऱ्याकडची वीस घड्याळं आली होती. एकोणीस जणांची चाल दारुड्यासारखी. सात नंबर मात्र उलटं, सुलटं, उभं, आडवं कसंही धरा, त्याच्या चालीत फरक पडत नव्हता. खोट्या घड्याळावर एवढी मेहनत कोण घेतं? परवा दुपारच्या चहाला तिने ते गुरुजींनाही ऐकवलं. भिंगताईला या धंद्यातलं जे येत होतं, ते सगळं गुरुजींनी शिकवलेलं; आता दोघं शेजारशेजारच्या टेबलांवर बसत. गुरुजींनी घड्याळ बराच वेळ कानाशी धरलं, "चांगलं आहे," म्हणाले आणि परत दिलं. गुरुजींच्या तोंडून 'चांगलं' हा शब्द वर्षा दोन वर्षांतून एकदा निघायचा, त्यामुळे तिला त्याचंच अप्रूप वाटलं होतं.

आणि आज आत हे भंगार. तिने झाकण ठेवलं आणि तडक साहेबांची खोली गाठली. खोलीचं दार लोटताना तिच्या लक्षात आलं की वीसही घड्याळं रोज संध्याकाळी कोठीत जातात आणि कोठीची किल्ली एकाच माणसाच्या कमरेला असते. ते माणूस म्हणजे तिची थोरली जाऊ.

२

"म्हणजे कुंपणानेच शेत खाल्लं," साहेब म्हणाले.

साहेब वाईट नव्हते, घाबरट होते. सोमवारी सुनावणी होती. व्यापाऱ्याने नेमलेला तज्ज्ञ, ज्याला कार्यशाळेत सगळे सूटवाले म्हणत, तो नेमका तेव्हा तिथेच बसला होता आणि त्याला तर आयतं घबाड मिळालं. आमच्या अशिलाची वीसपैकी एकोणीसच घड्याळं नकली होती, असं त्याने लगेच सुरू केलं. विसावं अस्सल होतं, ते तुमच्या लोकांनी हडप केलं आणि जागी नकली ठेवलं. आता सगळी तपासणीच रद्द करा, नाहीतर चोर पुढे करा.

साहेबांनी दुसरा मार्ग धरला. थोरलीकडून किल्ली काढून घेतली आणि संध्याकाळपर्यंत उलगडा झाला नाही तर पोलिसात नाव देणार म्हणून सांगितलं.

थोरली बाहेरच्या बाकावर पिशवी मांडीत घेऊन बसली होती. जावा-जावा आणि उभा दावा ही म्हण या दोघींनी इमानेइतबारे पाळली होती. लग्नात कुणाला कुठली साडी मिळाली इथपासून ते सासूबाईंच्या आजारपणात रजा कुणी किती घेतली इथपर्यंत त्यांचे हिशेब चालू होते. भिंगताईला तिचा मोठा आवाज आवडायचा नाही आणि थोरलीला हिचं गप्प बसणं. पण थोरलीने आयुष्यात कुणाची टाचणी उचलली नव्हती, हे भिंगताईला पक्कं ठाऊक होतं. अशा माणसाला चोर म्हटलेलं ऐकून तिच्या अंगाचा तिळपापड झाला.

"जाऊबाई, मला सगळं सांगा. कोणी हात लावला, कधी लावला."

"मी मघापासून ओरडतेय, सील शाबूत आहे म्हणून. कुणी ऐकतं का?" थोरलीचा आवाज आज मोठा नव्हता, त्याचंच भिंगताईला जास्त वाईट वाटलं. "रोज संध्याकाळी मी एकेक सील ओढून बघते. पट्ट्यातून दोरा ओवलेला, त्याला लाख. काल रात्रीही धड होतं. तुझे भाऊजी म्हणतात, राजीनामा टाक आणि घरी बस. घरी बसले तर चोरी कबूल केल्यासारखं होईल ना गं?"

"होईल. म्हणून बसायचं नाही," भिंगताई म्हणाली. "संध्याकाळपर्यंत इथून हलू नका."

मग तिने खोदून खोदून विचारून घेतलं. परवा तिची स्वतःची तपासणी झाल्यावर फोटोवाल्याने वीसही घड्याळांचे फोटो काढले. काल सकाळी सूटवाल्यांनी ती थोरलीच्या समोर बसून पाहिली. काल दुपारी गुरुजींनी पाण्याच्या मशीनमध्ये घालून झाकणं किती घट्ट आहेत ते तपासलं. याशिवाय कोणाचाही हात लागला नव्हता.

३

सील तिने भिंगाखाली धरलं. लाखेवर थोरलीच्या अंगठ्याचा जुना ठसा होता, दोरा कुठे तुटून जोडलेला नव्हता. पट्ट्याला, घड्याळाच्या बाहेरच्या केसला धक्काही लागलेला नव्हता. मग बदललं काय?

फोटोवाला गडबडलेला माणूस. त्याला वाटलं आळ आपल्यावर येतोय. घड्याळ उघडता येण्यासारखी अक्कल आपल्याकडे असती तर लोकांच्या लग्नात पोटावर कॅमेरा टांगून हिंडलो असतो का, असं त्याने दोनदा विचारलं. भिंगताईने त्याला पाणी दिलं आणि सात नंबरचा फोटो मोठा करून मागितला.

पडद्यावर डायल पसरली. तीनच्या जागेची खूण किंचित तिरकी बसलेली होती, अस्सल कारखान्यातून अशी खूण बाहेर पडत नाही. तिने हातातल्या घड्याळाकडे पाहिलं. तीच खूण, तेवढीच तिरकी, अक्षराच्या शाईला तोच फुगवटा. केस तीच, डायल तीच. म्हणजे हे घड्याळ पहिल्या दिवसापासून नकलीच होतं आणि सूटवाल्यांचं अस्सल घड्याळ त्यांच्या कल्पनेतच होतं.

घड्याळ बदललंच नव्हतं. कुणीतरी झाकण उघडून मशीन बाहेर काढलं होतं, काटे आणि डायल त्यावरून उतरवून दुसऱ्या मशीनवर चढवली होती आणि सगळं पुन्हा मिटवलं होतं. हे कोठीच्या अंधारात, किल्ली फिरवून, घाईत होत नाही. त्याला टेबल लागतं, उजेड लागतो, स्थिर हात लागतो. थोरली तर बरणीचं झाकण अडकलं तरी नवऱ्याला हाक मारते.

एवढ्यावर जाऊ सुटायला हवी होती. पण साहेब म्हणाले, तिने किल्ली देऊन कुणाकडून करवून घेतलं नाही कशावरून? नाव हवं, भिंगताई. नाव आणा.

ती परत पडद्यासमोर बसली. आणि या वेळी तिला ते दिसलं. फोटोत काचेच्या आत, चारच्या खुणेजवळ, दोन बारीक तंतू अडकलेले होते. कापसाचे असावेत. नकली घड्याळात हे हटकून असतं, तिथे कोण पुसत बसतं. तिने हातातलं घड्याळ दिव्याकडे तिरपं केलं. काचेखाली कणही नव्हता.

४

सूटवाले बाहेर जिन्यात फोनवर होते. भिंगताई समोर उभी राहिली तशी त्यांनी फोन ठेवला आणि फार गोड हसले. माणूस बेरकी होता, पण हातात कसब होतं. तरुणपणी दुरुस्ती केलेली. मशीन अदलाबदल करणं त्याला अवघड नव्हतं. कारणही होतं. हा खटला बुडाला तर त्याच्या अशिलाचं भलंच.

तिने त्यांना काल सकाळबद्दल विचारलं. सांगण्यासारखं फार नव्हतं. वीस घड्याळं बाहेरून पाहिली, थोरली समोर ठाण मांडून बसली होती, नुसता खिशात हात घातला तरी "काय काढताय?" म्हणून विचारत होती. "तुमच्या जाऊबाई तुरुंगात छान नोकरी करतील," असंही ते म्हणाले, आणि आपण काय बोललो हे कळून जीभ चावली.

"सात नंबरमध्ये काही वेगळं जाणवलं होतं?" भिंगताईने सहज विचारल्यासारखं विचारलं.

"बाहेरून? छे. वीस सारखीच. तुम्हीच ते आज उघडलंत म्हणून मला नंबर कळला."

 हा माणूस खोटं बोलत असेल का? पण विचार करता करता तिला दिसलं की त्याच्या डोक्याने हे काम झालेलंच नाही. सूटवाल्यांना बोभाटा हवा होता. ज्याला बोभाटा हवा, तो जुनी डायल उतरवून नव्या मशीनवर इतक्या जपून चढवत नाही. उलट फरक ठळक दिसेल असं करतो. ज्याने कुणी हे केलं, त्याची इच्छा एकच होती, की कधीच कुणाला कळू नये.

जिना चढताना तिने भंगाराचा डबा पाहिला. जुन्या खटल्यांतली निकामी मशीनं त्यात टाकायची पद्धत होती. काल सकाळी डब्यावर धुळीचा थर होता, आज झाकणावर चार बोटं स्पष्ट उमटली होती. बदली मशीन बाहेरून आलेलंच नव्हतं.

५

टेबलाशी येऊन ती खुर्चीत बसली. हातात काही धरलं नाही. एकच प्रश्न उरला होता, आणि तो आधीच विचारायला हवा होता. वीस घड्याळांपैकी सातच नंबर का?

सात नंबरची थोरवी बाहेरून दिसत नव्हती, ऐकूच यायची. फोटोवाल्याने ते ऐकलं नव्हतं. सूटवाल्यांनी ऐकलं नव्हतं. थोरलीला बारा वाजलेलेही सांगावे लागतात. सात नंबर वेगळं आहे हे जगात दोनच माणसांना ठाऊक होतं. एक भिंगताई, आणि दुसऱ्याला तिनेच चहाच्या वेळी ते कानाशी धरायला दिलं होतं.

मग ते तंतू. पाण्याच्या तपासणीला दिलेलं घड्याळ, खोलीत एकटा माणूस, झाकण उघडायचं हत्यार समोरच. काम चोरीचं. हात लपवायचा. तरी मशीन परत आत बसवण्याआधी त्या माणसाने फुंकणीने डायल साफ केली, कारण काचेखाली कचरा ठेवून झाकण लावणं त्याला जमलंच नाही. जित्याची खोड.

ही खोड तिला कुणी लावली होती, ते तिला आठवावं लागलं नाही. शिकत असताना एका तंतूपायी गुरुजींनी तिला तेच घड्याळ पुन्हा पुन्हा उघडायला लावलं होतं.

तिला रडू यायला लागलं. हे सगळं इथेच सोडून द्यावं, असं एकदा वाटून गेलं. खाली बाकावर मांडीत पिशवी घेऊन बसलेली थोरली डोळ्यासमोर आली आणि ती उठली.

६

पाण्याच्या तपासणीच्या खोलीत गुरुजी एकटेच होते. हत्यारं पुसून ओळीने मांडत होते.

"गुरुजी, सात नंबरच्या काचेखाली दोन तंतू होते. आता नाहीत."

त्यांनी हातातला चिमटा खाली ठेवला. नाही म्हणाले नाहीत. "हात उठला नाही तसंच मिटायला," एवढंच म्हणाले. मग खालचा खण ओढून एक झाकणाची काचेची डबी काढली आणि तिच्यासमोर सरकवली. आत मशीन होतं.

"कुणासाठी केलंत हे?"

"तुझ्यासाठी."

 गुरुजी खुर्चीत बसले आणि खाली मान घालून बोलू लागले. परवा ते ठोके ऐकले तेव्हाच त्यांना शंका आली. काल उघडून पाहिलं. प्रत्येक खड्यावर तेलाचा एवढासाच थेंब, सगळीकडे सारखा. हेअरस्प्रिंगचा शेवटचा वेढा हाताने वाकवून बसवलेला. ही लकब त्यांची स्वतःची. त्यांनी ती दोघांनाच शिकवली होती. एक भिंगताई, दुसरा त्यांचा मुलगा. मुलगा बापाशी भांडून यातून बाहेर पडलेला, दोन गल्ल्या सोडून पट्टे आणि सेल विकायचं दुकान काढून बसलेला.

"त्याला मी कायम सांगत आलो, तुला हात नाही. इतकं देखणं काम त्याच्याच्याने होणार नाही. मग राहिलं कोण?"

"तुम्हाला वाटलं, मी खोटी घड्याळं सजवून देते?"

"वाटलं. पण सुनावणीत ही लकब कुणी ओळखून तुझं नाव गेलेलं मला पाहवलं नसतं."

तिला राग आला, आणि रागाहून जास्त लागलं. ज्या माणसाच्या एका 'चांगलं आहे' वर ती वर्ष काढायची, त्याने तिला लबाड ठरवलं होतं, आणि वर मायेने झाकलंही होतं. यातल्या कशाबद्दल भांडावं तेही कळेना.

"आणि माझ्या जावेचं नाव गेलं ते?"

"कुणाला कळणारच नाही असं वाटलं होतं; तुझंच काम असेल तर आत भंगार पाहून तूही बोलणार नाहीस. कळलं, तेव्हा तोंड उघडायचं म्हणजे तुझं नाव घेणं आलं." त्यांनी चिमटा उचलून पुन्हा पुसला. "त्या बाईसमोरून सकाळपासून मी दोनदा गेलो. मान वर केली नाही."

भिंगताईने डबी उघडली, मशीन दिव्याखाली धरलं आणि भिंग लावलं. बराच वेळ पाहिलं. मग भिंग काढून गुरुजींच्या हातात दिलं.

"मी स्प्रिंग वाकवते ती कशी?"

"दोन टप्प्यांत. किती बोललो त्यावरून तुला. तुटायच्या भीतीने अर्धी वाकवून थांबतेस, मग उरलेली."

"अजूनही तशीच वाकवते. हे बघा."

"काल घाईत होतो, नीट पाहिलं नाही. नंतर बघायची इच्छाच..." बोलता बोलता त्यांनी भिंग डोळ्याला लावलं आणि ते थांबले. वाक एकच होता. अखंड, गोल, एका दमात दिलेला.  आपली दोघंच शागीर्द, आणि त्यातली एक असं कधीच वाकवत नाही. हिशेब लहान मुलालाही सुटला असता.

"पिकतं तिथे विकत नाही म्हणतात, ते खोटं नाही गुरुजी," भिंगताई हळूच म्हणाली. मग आवाज सावरून म्हणाली, "मी साहेबांकडे चालले आहे. तुम्ही आलात तर तुमच्या तोंडून सांगा. नाही आलात तर मी सांगेन. पण संध्याकाळ व्हायच्या आत जाऊबाईंच्या हातात किल्ली परत जाणार."

गुरुजी उठले. डबी त्यांनी स्वतःच्या हातात घेतली.

७

साहेबांच्या खोलीत गुरुजींनी उभ्यानेच सगळं सांगितलं. काय काढलं, कशात घातलं, का घातलं. भिंगताईवर घेतलेला संशयही लपवला नाही आणि मुलाचं नावही. मग दाराशी उभ्या असलेल्या थोरलीकडे वळून त्यांनी हात जोडले. थोरलीला अशा वेळी काय करायचं हे माहीत नव्हतं. तिने त्यांना बसायला खुर्ची ओढून दिली.

साहेबांनी किल्ली परत केली. थोरलीने ती कमरेला लावली, पदराखाली दोनदा चाचपली आणि भिंगताईला म्हणाली, "तुला ठाऊक होतं, कुणाचं नाव निघणार ते?"

"गुरुजींकडे जायच्या आधीच."

"मग तरी?"

"तुम्ही चोर नव्हता ना जाऊबाई."

थोरलीने तिचा दंड घट्ट धरला आणि सोडला. एवढ्या वर्षांत दोघींनी एकमेकींना लावलेला तो पहिला हात असावा.

सूटवाल्यांच्या अस्सल घड्याळाचा फुगा त्या तिरक्या खुणेने फुटला होता. ते बॅग आवरायला लागले. साहेबांनी मशीन भिंगताईसमोर ठेवून विचारलं की सुनावणीत याची प्रत काय सांगायची. तिने पुन्हा भिंग लावलं. कुठेतरी एखादी चूक सापडावी, असं तिला मनापासून वाटत होतं. सापडली नाही.

"भाग हलके आहेत. जुळणी पहिल्या प्रतीची," ती म्हणाली. "माझ्यापेक्षा सरस."

गुरुजींनी साहेबांना विचारलं, पोलीस त्याच्या दुकानात जायच्या आत मी त्याला इथून, तुमच्यासमोर, एक फोन करू का. साहेबांनी टेबलावरचा फोन त्यांच्याकडे फिरवला आणि आवाज सगळ्यांना ऐकू येईल असा केला.

"मी बोलतोय," गुरुजी म्हणाले.  किती वर्षांनी हा आवाज त्या फोनवर गेला होता कुणास ठाऊक. "तू केलेलं मशीन माझ्या हातात आलंय. स्प्रिंग एका दमात वाकवलीस. तुझ्या वयात मला जमलं नव्हतं. काम चांगलं झालंय." त्यांनी साहेबांकडे पाहिलं. "ज्याच्यासाठी केलंस ते वाईट आहे. आता इकडे ये आणि काय केलंस ते साहेबांना सांग. मीही माझं सांगून बसलोय."

 पलीकडून एका मोठ्या, बाप्या माणसाचा आवाज आला.

"येतो. बाबा, परत सांगा ना."

"काय?"

"ते आधीचं."

गुरुजींनी फोन दोन्ही हातांनी धरला आणि परत सांगितलं.